गाठीभोवतीचे राखणदार : कॅन्सर, प्रतिकारपेशी आणि सायटोकाइन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस पैसे देतो, पाकीट तिथेच उघडतो आणि काउंटरला टेकून प्रश्न विचारायला लागतो. कॅन्सरतज्ज्ञ मुंबईत, गोव्यात नाहीतर कोल्हापुरात. समोर असतो तो मी. पूर्वी प्रश्न एकच असायचा, ‘गाठ साधी की वाईट?’ हल्ली लोक मोबाईलवर वाचून येतात आणि एनएलआर, आयएल-६, पीडी-एल १ विचारतात. तेच ते प्रश्न वर्षभर येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उपचार ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या तज्ज्ञांचं. पण रिपोर्टातल्या पेशी मी रोज बघतो, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलू शकतो.

प्रतिकारशक्ती चांगली असती तर कॅन्सर झालाच नसता ना?

हा प्रश्न बहुधा नातेवाईक विचारतात आणि त्यात रुग्णावर एक छुपा ठपका असतो. ‘वेळेवर जेवली नाही, स्वतःकडे बघितलं नाही.’ तो ठपका आधी बाजूला ठेवा. रोज किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या धडधाकट माणसालाही कॅन्सर होतो.

तरी प्रश्नात तथ्य आहे. किडनी बदललेल्या रुग्णांना ती नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, आणि त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं. म्हणजे शरीरात पहारा असतो आणि तो कामही करतो. अडचण अशी की कॅन्सरची पेशी हा बाहेरून आलेला चोर नसतो, ती घरातलीच असते. पहाऱ्याला सहज ओळखू येणाऱ्या पेशी मारल्या जातात, मागे उरतात त्या लपायला शिकलेल्या. आंब्याच्या बागेत वानरांचं हेच होतं. गलोलीला घाबरणारी पहिल्याच हंगामात पळतात, पुढच्या वर्षी येतात ती निर्ढावलेली.

रिपोर्टात ‘गाठीत लिम्फोसाइट्स दिसतात’ असं लिहिलंय. हे चांगलं की वाईट?

बहुतेक वेळा चांगलं, पण कोणत्या पेशी आणि नेमक्या कुठे यावर सगळं ठरतं. लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, टी पेशी त्यातल्याच. या उत्तरावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ विरखोव यांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं. पण त्यांची गणती करून रुग्णाच्या आयुष्याशी ताळा घालायला पुढची शतकभर वाट बघावी लागली. २००६ मध्ये जेरोम गालाँ आणि त्यांच्या पॅरिसमधल्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या. गाठीच्या मध्यभागी आणि कडेला, दोन्हीकडे टी पेशी दाट असतील तर ते रुग्ण जास्त जगतात, आणि हा अंदाज नेहमीच्या स्टेजपेक्षाही बरा लागतो, असं त्यांना दिसलं. यातूनच ‘इम्युनोस्कोर’ आला. २०१८ मध्ये १३ देशांतल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर तो पडताळून पाहिला गेला आणि टिकला.

आता पेशींची ओळख. सीडी-८ टी पेशी म्हणजे प्रत्यक्ष मारेकरी. त्या गाठीच्या आत शिरलेल्या असतील तर बहुतेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये ती आशेची खूण असते. स्तनाच्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (नेहमीच्या तीन तपासण्या नकारात्मक येणाऱ्या) कॅन्सरमध्ये तर अशा लिम्फोसाइट्सचं प्रमाण जितकं जास्त तितकं आयुष्य जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. त्याच पेशी गाठीच्या काठावरच घुटमळत असतील तर मात्र पोलीस आले आणि बांधावरूनच परत गेले, अशातली गत.

दुसरा गट नियामक टी पेशींचा. यांचं काम भांडण मिटवण्याचं. त्या नसतील तर शरीर स्वतःवरच उलटतं. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. पण गाठीत त्या गर्दी करून बसल्या की मारेकऱ्यांनाही ‘जाऊ दे रे’ म्हणतात. म्हणून स्तन, अंडाशय अशा अनेक कॅन्सरमध्ये त्यांची गर्दी वाईट मानतात. आणि गंमत बघा, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा उलटं दिसतं, तिथे त्या असणं चांगल्या निकालाशी जोडलेलं आढळतं. आतड्यात जंतूंमुळे कायमचीच धुसफूस असते, ती आवरण्याचा फायदा होत असावा. ‘ही पेशी चांगली, ती वाईट’ असे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही तो यामुळे.

तिसरा गट मॅक्रोफेजचा, म्हणजे गिळणाऱ्या पेशींचा. या परिस्थितीप्रमाणे रंग बदलतात. जंतू दिसले की लढतात, जखम दिसली की डागडुजी करतात, नव्या रक्तवाहिन्या आणायला मदत करतात. गाठ त्यांना आपण जखम आहोत असंच भासवते, आणि त्या बिचाऱ्या तिची शुश्रूषा करत बसतात. बहुतेक घन गाठींमध्ये त्यांची दाटी चांगली समजत नाहीत.

सायटोकाइन म्हणजे काय?

पेशींनी एकमेकींना घातलेली हाळी. खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला बोलवतात तशी. ही छोटी प्रथिनं असतात, एक पेशी सोडते, दुसरीच्या अंगावरचा ग्राहक (रिसेप्टर) ते प्रथिन पकडतो आणि ती पेशी कामाला लागते किंवा थांबते. ऐकणारा कोण यावर हाकेचा अर्थ बदलतो.

टीएनएफचं उदाहरण घ्या. १९७५ मध्ये उंदरांच्या गाठी करपवणारा पदार्थ म्हणून तो सापडला, नावही ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ पडलं. सगळ्यांना वाटलं, औषध मिळालं. तिकडे दुसरी मंडळी आजारी जनावरं खंगत का जातात हे शोधत होती, त्यांना ‘कॅकेक्टिन’ सापडलं. १९८५ मध्ये उलगडा झाला की दोन्ही एकच. गाठ करपवणारा आणि माणसाला खंगवणारा पदार्थ एकच निघाला!

इंटरफेरॉन-गॅमा तसाच. टी पेशी तो सोडतात तेव्हा गाठीच्या पेशी जास्त स्पष्ट ओळखू येऊ लागतात, हे आपल्या बाजूचं. पण तीच हाक ऐकून गाठ स्वतःवर पीडी-एल १ नावाचं ढालीसारखं प्रथिन चढवते.

आयएल-६ या सायटोकाइनबद्दल मात्र फारसा मतभेद नाही. रक्तात तो सतत चढा राहिला तर बहुतेक कॅन्सरमध्ये आयुष्य कमी असल्याचं दिसतं. तो यकृताला सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन बनवायला लावतो, भूक मारतो, स्नायू झिजवतो, गाठीच्या पेशींना जगायला मदत करतो.

मग आयएल-६ ची तपासणी करून घेऊ का?

डॉक्टरांनी सांगितली नसेल तर नको. लॅबवाला असून सांगतोय. आकडा दिवसागणिक हलतो, साध्या सर्दीनेही वाढतो, आणि त्यावरून सहसा उपचार बदलत नाहीत. त्याच्याच शेजाऱ्यांची, म्हणजे सीआरपी आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनांची तपासणी स्वस्त आहे. सीआरपी चढलेलं आणि अल्ब्युमिन उतरलेलं असेल तर शरीरात आग धुमसतेय आणि अंगावरचं मांस जातंय एवढं कळतं. या दोनच आकड्यांवर आधारलेला ‘ग्लासगो स्कोर’ जगभर वापरला जातो. उरलेल्या पैशांत अंडी आणि बांगडे आणा.

सीबीसीवरून एनएलआर काढला, ५.६ आला. माझ्या बाबांकडे किती दिवस आहेत?

एका तरुणाने फोनवर हा प्रश्न विचारला होता, रात्री साडेदहाला. त्याला दिलेलं उत्तरच इथे देतो.

एनएलआर म्हणजे सीबीसीतल्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतल्या, दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. सीबीसीत न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १४ टक्के असतील तर ७८ ला १४ ने भागा, ५.६ येतात. निरोगी माणसात हा आकडा साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. गाठीतून आणि आसपासच्या पेशींतून सुटणारे निरोप अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल सोडायला लावतात, आजाराच्या ताणाने वाढलेलं कॉर्टिसॉल लिम्फोसाइट कमी करतं. म्हणून गुणोत्तर चढतं. २०१४ मध्ये १०० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले गेले, त्यात ४० हजारांहून जास्त रुग्ण होते. एनएलआर जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका साधारण १.८ पट दिसला. कुठल्या आकड्याच्या वर ‘जास्त’ म्हणायचं, ते प्रत्येक अभ्यासात वेगळं होतं, मधला आकडा ४ होता.

पण हा हिशेब घोळक्याचा आहे, बाबांचा नाही. त्या घोळक्यात ६ एनएलआर घेऊन वर्षानुवर्षं जगलेलेही आहेत आणि २ असून गेलेलेही. मी त्याला पुढे विचारलं, बाबांना ताप होता का? होता. जुलै महिना, लावणी चालू, चार दिवस चिखलात उभे. तपासल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा संसर्ग) निघाला. लेप्टोमध्ये न्यूट्रोफिल चढतात. किडलेली दाढ, लघवीचा संसर्ग, डेक्सासारखं स्टेरॉइड, केमोनंतर पेशी वाढवण्यासाठी दिलेलं इंजेक्शन, यांपैकी कशानेही हा आकडा उड्या मारतो. बरं वाटायला लागल्यावर परत सीबीसी केली तेव्हा त्यांचा आकडा ३ च्या आत आला होता.

एकाच आकड्यापेक्षा तीन-चार महिन्यांतली त्याची चाल डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची. जुने रिपोर्ट फेकू नका, तारखेप्रमाणे फाइलला लावा.

इम्युनोथेरपी म्हणजे सलाईनमधून प्रतिकारशक्ती चढवतात का?

नाही. शक्ती आपल्याकडे असतेच, तिला लावलेला ब्रेक काढतात.

बागेतला राखणदार जागा आहे, हातात काठी आहे. चोर येऊन म्हणतो, “अरे, आपलोच मा मी,” आणि राखणदार काठी खाली ठेवतो. टी पेशीवर पीडी-१ नावाची कळ असते. गाठीवरचं पीडी-एल १ ती दाबतं आणि टी पेशी शांत होते. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं मध्ये हात घालून ती कळ दाबू देत नाहीत. सीटीएलए-४ ही दुसरी कळ. तिच्यावरचं इपिलिमुमॅब अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, पीडी-१ ची दोन औषधं २०१४ मध्ये. या कळांच्या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

इथे वरची सगळी चर्चा कामाला येते. ब्रेक काढायचा तर गाडी तरी दारात उभी हवी. गाठीत टी पेशी नसतीलच तर या औषधांचा उपयोग सहसा कमी होतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ‘एमएमआर’, म्हणजे डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी पेशीतली यंत्रणा, बिघडलेले थोडेच रुग्ण असतात, पसरलेल्या आजारात तर शंभरात चार-पाच. पण त्यांच्या गाठीत चुका इतक्या साठलेल्या असतात की टी पेशींना ती परकी वाटते, आणि त्यांना ही औषधं उत्तम लागू पडतात. आतड्याचा कॅन्सर असेल तर ‘एमएमआर तपासलं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

ब्रेक काढलेला राखणदार कधीकधी घरच्यांवरही काठी उगारतो. थायरॉइड, आतडं, यकृत, फुप्फुस, कुठेही दाह होऊ शकतो. या औषधांवर असताना जुलाब सुरू झाले तर बाजारातलं काहीतरी खाल्लं असेल म्हणून घरी थांबू नका, उपचार करणाऱ्यांना फोन करा.

एवढं महाग औषध आमच्यासारख्यांना कुठलं परवडणार?

पूर्ण डोस बहुतेकांना परवडत नाही, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलने केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या (आपल्याकडे तंबाखू-मशेरीने होणारा तोंडाचा कॅन्सरही त्यातच येतो) पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधं दिली. एका गटाला त्यासोबत दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम दिलं, नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आजार बरा करणारा हा उपचार नव्हे. मधलं आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिने झालं. पण ज्यांना यातलं काहीच मिळणार नव्हतं त्यांच्यासाठी हे महिने खरे आहेत. आपल्या रुग्णाला हे लागू आहे का, ते तज्ज्ञांना विचारा.

कार-टी म्हणजे काय?

रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना लक्ष्य ओळखायचा नवा डोळा बसवून परत सोडणं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ते सादर झालं. ते बी पेशींच्या (लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार) काही रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे. तोंड, स्तन, पोट यांच्या गाठींसाठी नाही.

या उपचारात काही रुग्णांमध्ये सायटोकाइनचं वादळ उठतं, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा आयएल-६ ची हाक कानावर पडू न देणारं टोसिलिझुमॅब देतात.

गुळवेल घेतल्यार चलात काय? आणि हळद, सोलकढी?

सोलकढी प्या, आमसुलं घाला, हळद नेहमीसारखी वापरा. जेवणातल्या पदार्थांना माझी ना नाही. हळदीतलं कुरकुमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, त्यामुळे चमचे भरभरून खाल्ल्याने गाठ विरघळेल अशी आशा ठेवू नका.

गुळवेलीचं मात्र जपून. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, दिसायला सारखी पण दुसऱ्याच जातीची वेल असावी असं सांगितलं. असेलही. पण मग कुंपणावरून तोडून आणलेली वेल नेमकी कुठली, हे काढा उकळणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं? इम्युनोथेरपीवर असलेल्या रुग्णाचं एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं, तर ते औषधाने वाढलं की काढ्याने, हे ठरेपर्यंत उपचार थांबतो. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मुळात ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे सांगणंच मला पटत नाही. नियामक टी पेशीही प्रतिकारशक्तीच, गाठीची शुश्रूषा करणारी मॅक्रोफेजही प्रतिकारशक्तीच. आयएल-२ हा सायटोकाइन देऊन टी पेशी वाढवण्याचा उपचार अमेरिकेत १९९२ मध्ये किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झाला. मोठ्या डोसात तो देताना रुग्णाला आयसीयूसारख्या देखरेखीत ठेवावं लागे, आणि दीर्घकाळ फायदा थोड्यांनाच झाला. पुढे कळलं की नियामक पेशीही आयएल-२ वरच पोसतात.

सुपारीत काय आहे? ती तर आपल्या बागेतली, त्यात तंबाखू नाही.

श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं कौतुक मलाही आहे. पण सुपारी, तंबाखूशिवायही, माणसात कॅन्सर करते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलंय. त्यामागेही एक हाकच आहे. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतल्या त्वचेत टीजीएफ-बीटा हा निरोप वाढतो आणि पेशी तंतू विणत सुटतात. गाल चिवट होतो, तिखट सोसेनासं होतं, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. टीजीएफ-बीटा टी पेशींनाही गाठीबाहेर रोखून धरतो, हे आणखी एक.

रुग्णाच्या ताटात जेवलं तर कॅन्सर लागतो का?

नाही. दुसऱ्याच्या पेशी तुमच्या शरीराला लगेच परक्या म्हणून कळतात. ताट वेगळं करू नका.

केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात. मग प्रतिकारशक्ती मारून कॅन्सर कसा बरा करणार?

पेशी तात्पुरत्या उतरतात, अस्थिमज्जा परत बनवते. काही केमो औषधांनी मरणाऱ्या गाठीच्या पेशी असे निरोप सोडतात की उलट टी पेशी जाग्या होतात.

उतरलेल्या दिवसांत, म्हणजे डोसनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर ती तातडी आहे. क्रोसिन देऊन सकाळची एसटी धरू नका, रात्रीच गाडी काढा. पावसात घाट बंद पडतात, साकव पाण्याखाली जातात. म्हणून जवळ चोवीस तास उघडं रुग्णालय कुठलं, हे पहिल्या केमोआधीच विचारून ठेवा. ही एक गोष्ट या पानावरच्या सगळ्या सायटोकाइनपेक्षा मोठी.

चालण्याने काही होतं का, की नुसतं समाधान?

होतं. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास आला. शस्त्रक्रिया आणि केमो संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात होते, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांपैकी ८३.२ टक्के. नेमकं कशाने, ते अजून पुरतं सुटलेलं नाही. उंदरांमध्ये व्यायामाने एनके पेशी (गाठीच्या पेशी मारणाऱ्या आणखी एका प्रकारच्या लिम्फोसाइट) रक्तात येऊन गाठीत शिरताना दिसल्यात. आपल्याकडे चढ-उताराला तोटा नाही. झेपेल तेवढी पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढा.

मुंबईला जाताना तुमच्या लॅबमधून काय न्यायचं?

रिपोर्ट, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक. लोक ब्लॉक विसरतात. पीडी-एल १, एमएमआर या तपासण्या त्याच छोट्या मेणाच्या वडीवर होतात. ती नसेल तर परत सुई, परत खर्च, परत पंधरा दिवस. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. वडीवरचा नंबर आणि रिपोर्टावरचा नंबर माझ्यासमोर ताडून बघा, मगच पाकीट बंद करा.

आणि गावात कुठे गाठ काढलीत तर तुकडा फॉर्मॅलिनमध्येच पाठवा. सलाईनमध्ये किंवा पाण्यात बुडवून आणलेला तुकडा वाटेतच कुजायला लागतो, त्यातल्या टी पेशी मला दिसत नाहीत आणि मुंबईलाही दिसत नाहीत. डबी आणि फॉर्मॅलिन आमच्याकडे मिळतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेऊन जा.